स्लो मोशनसाठी कॅमकॉर्डर निवडताना: खोक्यावरचा आकडा सर्वांत शेवटी पाहा

ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर रविवारी सकाळी नेट्सच्या बाजूला ट्रायपॉड लावला की अर्ध्या तासात एखादा पालक जवळ येतो आणि विचारतो, "स्लो मोशनसाठी घ्यायचाय, किती एफपीएसचा घेऊ?" वाशी, नेरुळ, घणसोलीहून फोन येतात तेव्हाही पहिला प्रश्न हाच असतो. एफपीएस म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती चित्रे (फ्रेम्स) घेतो तो आकडा. प्रश्न योग्य आहे, पण त्याआधी पाच गोष्टी ठरायला हव्यात. खोक्यावर १२०, २४० किंवा ९६० छापलेले पाहून घेतलेला कॅमेरा घरी आल्यावर काळपट, दाणेदार किंवा लुकलुकणारे चित्र देतो, आणि मग दोष यंत्राचा की आपला हे कळत नाही. बहुतेक वेळा दोष क्रमाचा असतो. म्हणून हा लेख खरेदीच्या क्रमानेच लिहिला आहे. टप्पे पुढेमागे करू नका, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्यात लागते.

## पूर्वतयारी: एक कागद आणि पाच ओळी

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर पुढील पाच गोष्टी लिहा: कोणती हालचाल टिपायची आहे, त्या हालचालीतला नेमका कोणता भाग पाहायचा आहे, चित्रीकरण कुठे आणि किती वाजता होणार आहे, कॅमेरा किती अंतरावर उभा राहणार आहे, आणि चित्रण कोण व कशावर पाहणार आहे.

घणसोलीच्या एका पालकांचा कागद मला आजही आदर्श वाटतो. त्यांनी लिहिले होते: "मुलाची लेगस्पिन. चेंडू सुटताना मनगट आणि सुटल्यावर शिवण. सकाळी सात ते नऊ, उघडे मैदान. बारा मीटर. सर मोबाईलवर पाहतील." एवढ्या मजकुरावरून कॅमेऱ्याची निम्मी निवड झालेली असते. याउलट "खेळ, लग्न, पक्षी, सगळ्यासाठी" असे लिहिलेल्या कागदावरून कोणताच कॅमेरा ठरवता येत नाही. त्यांतली एक गरज मुख्य माना आणि बाकीच्या खोडा.

त्याच वेळी दोन शब्दांमधला फरक मनात पक्का करा. फ्रेम रेट म्हणजे कॅमेरा एका सेकंदात किती वेगवेगळी चित्रे घेतो तो आकडा. शटर म्हणजे त्यातले प्रत्येक चित्र किती वेळ प्रकाश घेते ते. पहिल्यामुळे हालचाल संथ होते, दुसऱ्यामुळे ती स्पष्ट होते. अनेक जुन्या हँडीकॅमच्या मेनूत 'स्पोर्ट्स' नावाची सोय असते. ती फक्त शटर वेगवान करते, फ्रेम्स वाढवत नाही. त्या सोयीने घेतलेले चित्रण संथ करून पाहिले की चेंडू प्रत्येक चित्रात स्पष्ट दिसतो, पण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारत जातो.

## टप्पा १: हालचालीवरून फ्रेम्स ठरवा

संथपणाचा हिशेब साधा आहे. चित्रीकरणाच्या फ्रेम्सना दाखवण्याच्या फ्रेम्सनी भागा. आपल्याकडे चित्रण सहसा सेकंदाला २५ फ्रेम्सने दाखवले जाते. म्हणजे १०० फ्रेम्सने घेतलेले चित्रण चारपट संथ होते आणि २५० फ्रेम्सने घेतलेले दहापट. एका सेकंदाच्या हालचालीचे दहा सेकंद होतात, आणि डोळ्याला ते पुष्कळ असतात.

पण किती पट संथ हवे यापेक्षा, पाहायच्या भागाला किती चित्रे मिळतील हे अधिक महत्त्वाचे आहे. गोलंदाजाचा पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत साधारण एक दशांश सेकंद जातो असे धरा. सेकंदाला २५ फ्रेम्सनी त्या काळाची दोन-तीन चित्रे मिळतील, १०० फ्रेम्सनी दहा आणि २५० फ्रेम्सनी पंचवीस. पाय, खांदा, डोके यांची स्थिती पाहायला दहा चित्रे पुरतात. मनगट पाहायचे असेल तर पंचवीस हवीत.

शिवणीचा प्रश्न वेगळा आहे. वरच्या दर्जाच्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ३३. सेकंदाला १०० फ्रेम्स घेतल्या तर एका फेऱ्याची जेमतेम तीन चित्रे मिळतात आणि शिवण कोणत्या दिशेला फिरते आहे याबद्दल डोळा फसतो. २५० फ्रेम्सनी सात-आठ चित्रे मिळतात आणि फेरा सलग दिसतो. घणसोलीच्या त्या मुलाचे वळण अर्थातच यापेक्षा कमी होते, तरीही २४०-२५० हाच त्याच्यासाठी योग्य आकडा होता.

इतर हालचालींसाठी थोडक्यात सांगतो. धावण्याची ढब, नृत्यातील पदन्यास, मल्लखांबावरची उडी किंवा खाडीवरून उडणारा फ्लेमिंगो यांसाठी १०० ते १२० फ्रेम्स पुरतात. बॅडमिंटनचा स्मॅश, बॅटीला चेंडू लागण्याच्या आधीची बॅटीची दिशा, पाण्याचा थेंब यांसाठी २४० च्या आसपास लागतात. बॅट आणि चेंडूचा स्पर्श सुमारे एक सहस्रांश सेकंदाचा असतो. तो पाहायचा असेल, किंवा फुटणारा फुगा अथवा डासाचे पंख पाहायचे असतील, तर घरगुती कॅमकॉर्डरचा विचार सोडा. ते काम प्रयोगशाळेतल्या हाय-स्पीड कॅमेऱ्यांचे आहे आणि त्यांची किंमत वेगळ्याच पातळीवरची असते.

तपासणी: कागदावर आता एक आकडा लिहिलेला असायला हवा. "जास्तीत जास्त" असे लिहिले असेल तर हा टप्पा पुन्हा करा. गरजेपेक्षा दुप्पट फ्रेम्स मागितल्या की प्रकाश, चित्राचा आकार आणि चित्रीकरणाचा कालावधी या तिन्ही ठिकाणी किंमत मोजावी लागते.

## टप्पा २: शटर आणि प्रकाशाचा हिशेब

हा टप्पा सर्वाधिक लोक वगळतात आणि सर्वाधिक निराशा येथूनच येते.

ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू एका सेकंदात ३३ मीटर जातो. शटर १/१००० (सेकंदाचा हजारावा भाग) ठेवले तर चित्र घेतले जात असतानाच तो ३.३ सेंटिमीटर पुढे सरकतो. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर असतो, म्हणजे जवळजवळ अर्ध्या चेंडूइतकी रेघ ओढली जाते आणि शिवण पुसली जाते. १/४००० ठेवले तर सरकणे ८ मिलिमीटरवर येते आणि चेंडू ओळखू येतो. शाळकरी फिरकी गोलंदाजाचा चेंडू याच्या निम्म्या वेगाने जात असल्यामुळे त्याला १/२००० पुरते.

आता प्रकाश पाहा. नेहमीच्या २५ फ्रेम्सच्या चित्रणात शटर १/५० असते. ते १/२००० केले की प्रत्येक चित्राला चाळीसपट कमी प्रकाश मिळतो. सकाळी नऊच्या स्वच्छ उन्हात ही तूट भरून निघते. पण पावसाळी ढगाळ दिवशी, सायंकाळी साडेपाचनंतर, किंवा सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये ती भरून निघत नाही. मग कॅमेरा गेन वाढवतो, म्हणजे चित्र कृत्रिमपणे उजळतो, आणि ते रवाळ होते.

बंद हॉलचा अंदाज आकड्यांत देतो. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर बऱ्यापैकी उजेडाच्या बॅडमिंटन हॉलमध्ये ५०० लक्सच्या आसपास. उन्हाच्या दोनशेव्या भागाइतक्या या उजेडात एफ २.८ ची लेन्स (एफ आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) पूर्ण उघडी ठेवून १/१००० शटर हवे असेल तर आयएसओ, म्हणजे गेनचाच आकडा, ४,००० च्या आसपास न्यावा लागतो. बहुतेक घरगुती कॅमकॉर्डरचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) करंगळीच्या नखाहूनही लहान असतो आणि त्याला एवढा गेन झेपत नाही. एक इंच प्रकारचा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यात चित्र निदान पाहण्याजोगे राहते. म्हणून कागदावर "बंद हॉल" लिहिलेले असेल तर फ्रेम्सच्या आधी सेन्सरचा आकार आणि लेन्सचा एफ आकडा पाहा.

लेन्सविषयी एक खाच लक्षात ठेवा. कॅमेऱ्यावर ठळक छापलेला एफ १.८ हा आकडा फक्त झूम पूर्ण मागे असतानाचा असतो. झूम पुढे नेला की तो एफ ३.५ किंवा ४ होतो, म्हणजे प्रकाश चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो. सीवूड्सच्या पाणथळ जागेपाशी उभे राहून दूरवरच्या फ्लेमिंगोंच्या थव्यावर पूर्ण झूम लावणाऱ्याला हा दुसरा आकडाच लागू होतो. तो माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेला असतो.

सावधान: शटर हाताने ठरवता येत नाही असा कॅमेरा या कामासाठी घेऊ नका. काही कॅमकॉर्डरमध्ये साध्या चित्रणात शटर बदलता येते, पण हाय-स्पीड सोय सुरू करताच ते आपोआपवर जाते. हे माहितीपत्रकावरून कळत नाही, मेनू उघडूनच पाहावे लागते.

## टप्पा ३: दिव्यांची लुकलुक आणि ५० हर्ट्झ

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. चोक असलेली जुनी ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एकदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण वेगवान कॅमेऱ्याला दिसते.

तीन वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका बॅडमिंटन हॉलमध्ये एका प्रशिक्षकांसाठी मी दिवसभर सेकंदाला १२० फ्रेम्सने चित्रीकरण केले. छोट्या पडद्यावर सगळे ठीक दिसत होते. घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा प्रत्येक चित्रणात भिंत श्वास घेतल्यासारखी उजळत आणि काळवंडत होती. कारण सरळ होते. दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकत होते आणि कॅमेरा १२० चित्रे घेत होता. दोन्हींतला २० चा फरक चित्रणात उतरला आणि संथ केल्यावर तो सेकंदाला चार-पाच ठोक्यांसारखा दिसू लागला. त्या मुलांची स्पर्धा होऊन गेली होती. ते चित्रण पुन्हा मिळणार नव्हते, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

तोच कॅमेरा ५० हर्ट्झवर ठेवून १०० फ्रेम्स घेतल्या असत्या तर प्रत्येक चित्र दिव्याच्या त्याच स्थितीत पडले असते आणि उजेड जवळपास स्थिर राहिला असता. म्हणून दिव्याखाली काम करणाऱ्याने ५० हर्ट्झची, म्हणजे पाल पद्धतीची सोय असलेला कॅमेरा घ्यावा. त्यात २५, ५०, १०० असे आकडे दिसतात. दुसऱ्या पद्धतीत ३०, ६०, १२० दिसतात. काही कॅमेऱ्यांत ही पद्धत मेनूतून बदलता येते, पण अनेक कॅमकॉर्डर ज्या देशात विकले गेले तिथल्या पद्धतीला कायमचे बांधलेले असतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला हँडीकॅम दिव्याखाली त्रास देतो तो यामुळेच.

सेकंदाला २५० फ्रेम्स घेतल्या तर चोकच्या ट्यूबखाली लुकलुक कोणत्याही पद्धतीत टळत नाही. दोनच मार्ग उरतात: दिवसा खिडक्या उघडून चित्रीकरण करणे, किंवा लुकलुक नसलेला चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा स्वतः नेणे. उन्हात काम करणाऱ्याने हा टप्पा वाचून सोडून दिला तरी चालेल.

तपासणी: ज्या हॉलमध्ये काम करायचे आहे तेथे कॅमेरा घेण्यापूर्वीच जा आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये भिंतीचे दहा सेकंद चित्रण करा. मोबाईलमध्ये लुकलुक दिसली तर त्याच वेगाच्या कॅमकॉर्डरमध्येही ती दिसणारच.

## टप्पा ४: त्या वेगाला चित्र किती उरते

माहितीपत्रकात "४के" आणि "९६० एफपीएस" शेजारी शेजारी छापलेले असतात. ते दोन्ही एकाच वेळी मिळतात असे कोठेही लिहिलेले नसते, आणि बहुधा मिळतही नाहीत. फ्रेम्स वाढल्या की सेन्सरवरून वाचायच्या ओळी कमी होतात.

२००८ साली आलेला कॅसिओचा ईएक्स-एफ१ हे याचे स्पष्ट उदाहरण आहे. सेकंदाला ३०० फ्रेम्सना तो ५१२ गुणिले ३८४ बिंदूंचे चित्र देई, ६०० ना ४३२ गुणिले १९२, आणि १,२०० ना ३३६ गुणिले ९६, म्हणजे एक आडवी पट्टी. त्या पट्टीत उभा फलंदाज मावत नाही. कॅसिओने निदान हे उघड सांगितले होते. पुढच्या काळातल्या कॅमेऱ्यांत छोटे चित्र ताणून मोठे केले जाते आणि फाइलवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे पूर्ण एचडी, लिहिलेले असते. सोनीच्या २०१५ च्या आरएक्स१०० मार्क ४ आणि आरएक्स१० मार्क २ या कॅमेऱ्यांत गुणवत्तेला प्राधान्य दिल्यावर २५० फ्रेम्सना १८२४ गुणिले १०२६, ५०० ना १६७६ गुणिले ५६६ आणि १,००० ना ११३६ गुणिले ३८४ बिंदू प्रत्यक्ष वाचले जातात. म्हणजे १,००० फ्रेम्सना पूर्ण एचडीच्या पाचव्या हिश्शाइतकीच माहिती असते. २५० ला मात्र चित्र जवळपास पूर्ण आहे, आणि म्हणूनच या कॅमेऱ्यांचा खरा उपयोग २५० चाच आहे असे मी मानतो.

म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न असा: "माझ्या आकड्याला सेन्सरवरून किती बिंदू वाचले जातात, आणि दिसणारा भाग कापला जातो का?" भाग कापला गेला तर बारा मीटरवरून संपूर्ण गोलंदाज दिसण्याऐवजी त्याचे कमरेपर्यंतचेच अंग दिसेल, आणि मागे सरकायला मैदानावर जागा असेलच असे नाही.

सावधान: "५०आय" आणि "५०पी" यांत गल्लत करू नका. पहिल्यात प्रत्येक वेळी अर्ध्याच ओळी असतात. संथ केल्यावर हलत्या वस्तूच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात.

## टप्पा ५: किती सेकंद, आणि बटण कधी

काही कॅमेरे हाय-स्पीड चित्रण सलग करतात, काही थोडेसे अंतर्गत स्मृतीत साठवून मग कार्डावर लिहितात. हा फरक आकड्यांइतकाच मोठा आहे.

जुन्या सोनी हँडीकॅममधली 'स्मूथ स्लो' सोय सुमारे तीन सेकंदांची हालचाल बारा सेकंदांत ताणून देते, तीही कमी दर्जाच्या चित्रात. वर सांगितलेल्या आरएक्स मालिकेच्या कॅमेऱ्यांत गुणवत्तेला प्राधान्य दिल्यावर सुमारे दोन सेकंद मिळतात, आणि १,००० फ्रेम्सनी घेतले तर त्याचे ८० सेकंदांचे चित्रण होते. ते कार्डावर उतरेपर्यंत कॅमेरा पुढचे चित्रण घेऊ शकत नाही. षटकातले सहाही चेंडू हवे असतील तर ही पद्धत उपयोगाची नाही. सलग चित्रण करणारे कॅमकॉर्डर, उदाहरणार्थ पॅनासॉनिकचा एचसी-एक्स१५००, पूर्ण एचडीत ५० हर्ट्झला १०० आणि ६० हर्ट्झला १२० फ्रेम्सपर्यंत जातात. आकडा लहान दिसतो, पण संपूर्ण षटक हाती लागते.

थोड्या सेकंदांचाच कॅमेरा घ्यायचा असेल तर त्यात शेवटून बटण दाबण्याची सोय हवीच. या सोयीत कॅमेरा सतत साठवत असतो आणि बटण दाबल्यावर त्याच्या आधीचे दोन सेकंद ठेवतो. पक्षी कधी उडेल हे कोणालाच माहीत नसते. उडाला की दाबा, उड्डाण हाती लागते. सुरुवातीला दाबण्याच्या पद्धतीत अशा प्रसंगी हाती रिकामी फांदीच उरते.

आवाज आणि फोकस या दोन गोष्टी येथेच तपासा. हाय-स्पीडमध्ये अनेक कॅमेरे आवाज घेत नाहीत, आणि काहींत सुरुवात करताच फोकस जागच्या जागी थांबतो. गोलंदाज ठरलेल्या जागीच पाय टाकतो, त्यामुळे क्रीझवर आधी फोकस लावून ठेवला की काम भागते. धावत जवळ येणाऱ्या खेळाडूसाठी ते भागत नाही.

## टप्पा ६: कॅमकॉर्डरच हवा का, हे आता ठरवा

पाच टप्प्यांनंतर अनेकांच्या कागदाचे उत्तर "नको" असे येते, आणि ते मी मोकळेपणाने सांगतो. उन्हात, पाच-सात मीटरवरून, २४० फ्रेम्स हव्या असतील तर ते काम घरातला मोबाईल करू शकतो. आयफोन ८ पासून १०८० पी चित्रणात २४० फ्रेम्स मिळतात. गोप्रो या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यात हिरो ६ ब्लॅकपासून तीच सोय आहे, फक्त त्यात खरा झूम नाही. मोबाईलमधला ९६० चा आकडा मात्र सोडून द्या. तो अनेकदा सेकंदाच्या पाचव्या हिश्शापुरताच असतो, आणि काही मोबाईलमध्ये मधल्या फ्रेम्स सॉफ्टवेअरने रचलेल्या असतात.

कॅमकॉर्डरला, किंवा लांब झूम असलेल्या एक इंची सेन्सरच्या कॅमेऱ्याला, पैसे मोजण्याची खरी कारणे तीन आहेत: सीमारेषेबाहेरून किंवा खाडीकाठावरून लागणारा ऑप्टिकल झूम, तास-दोन तास सलग चालणारी बॅटरी व चित्रण, आणि हाताने ठरवता येणारे शटर व फोकस. यांपैकी एकही गरज कागदावर नसेल तर चांगला ट्रायपॉड आणि मोबाईलचा क्लॅम्प घ्या.

## टप्पा ७: कार्ड, बॅटरी, ट्रायपॉड

येथे फार विचार लागत नाही. सेकंदाला १०० मेगाबिटचे चित्रण म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. त्यासाठी यू३ किंवा व्ही३० खूण असलेले एसडीएक्ससी कार्ड घ्या. ६४ जीबीच्या कार्डात सुमारे ८५ मिनिटे मावतात. बाजारात नकली कार्डे फार आहेत, म्हणून नवीन कार्ड एकदा काठोकाठ भरून, फाइल्स उघडून पाहा. बॅटऱ्या दोन ठेवा. ट्रायपॉड जड घ्या. दहापट संथ चित्रणात ट्रायपॉडची थरथरसुद्धा दहापट संथ होऊन डोलल्यासारखी दिसते.

## टप्पा ८: दुकानातली चाचणी

मी दुकानात जाताना तीन वस्तू नेतो: टेनिसचा चेंडू, शिंप्याची मापाची टेप आणि स्वतःचे कार्ड. लॅपटॉप शक्यतो बरोबर असतो. फोर्टमधल्या बोरा बाजारात जा किंवा ठाण्यातल्या जवळच्या दुकानात जा, ही चाचणी दहा मिनिटांत होते आणि समजूतदार विक्रेता तिला नाही म्हणत नाही. नाही म्हटले तर ते दुकान सोडा.

१. टेप भिंतीवर उभी चिकटवा, शून्य जमिनीशी ठेवा. कॅमेरा टेपपासून दोन-अडीच मीटरवर, अर्धा मीटर उंचीवर ठेवा. हाय-स्पीड सोय सुरू करून शटर १/१००० करा.

२. चेंडूचा खालचा भाग बरोबर एक मीटरच्या खुणेवर धरा आणि सोडा. ढकलू नका, फक्त बोटे उघडा. असे तीनदा करा.

३. फाइल लॅपटॉपवर घेऊन व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा, थांबवा आणि 'ई' हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे जा. चेंडू सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतच्या फ्रेम्स मोजा.

एक मीटर पडायला चेंडूला ०.४५ सेकंद लागतो. त्यामुळे खऱ्या १०० फ्रेम्सच्या कॅमेऱ्यात सुमारे ४५ चित्रे मिळतात, १२० च्या कॅमेऱ्यात ५४, २४० च्या कॅमेऱ्यात १०८ आणि २५० च्या कॅमेऱ्यात ११३. सुटण्याची नेमकी फ्रेम ओळखणे अवघड असते, म्हणून थोडा फरक सोडून द्या. अधिक भरवशाची खूण शेवटी असते. जमिनीजवळ चेंडू १०० फ्रेम्सना एका चित्रातून दुसऱ्यात सुमारे साडेचार सेंटिमीटर सरकतो आणि २४० ला दोन सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी. टेपवर हे स्पष्ट वाचता येते.

४. आता फ्रेम्स नुसत्या मोजू नका, पाहा. चेंडू एका चित्रात सरकला आणि पुढच्या चित्रात तिथेच थांबला, किंवा एकाच्या जागी दोन फिकट चेंडू दिसले, तर मधल्या फ्रेम्स रचलेल्या आहेत. आकडा २४० असला तरी कॅमेरा खरे १२० किंवा ६० च घेतो आहे. एकदा एका विक्रेत्याने "पूर्ण २४०" म्हणून दाखवलेल्या कॅमेऱ्यात मला प्रत्येक चेंडू सलग चार फ्रेम्स एकाच जागी लटकलेला दिसला. तो कॅमेरा घेण्यापासून माझा एक मित्र वाचला.

५. टेपवरचे आकडे वाचता येतात का ते पाहा. साध्या चित्रणात वाचता येणारे मिलिमीटर हाय-स्पीडमध्ये पुसट झाले तर टप्पा ४ मधले उत्तर मिळाले.

६. दुकानाच्या छताचे दिवे, मग पूर्ण झूम लावून रस्त्यापलीकडची पाटी, असे दोन चित्रण घ्या. पहिल्यात लुकलुक दिसेल, दुसऱ्यात काळोख आणि रवा.

७. चित्रण संपल्यापासून कॅमेरा पुन्हा तयार होईपर्यंत किती सेकंद जातात ते घड्याळावर मोजा.

सावधान: कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर निकाल ठरवू नका. तीन इंचांवर सगळेच चित्रण सुंदर दिसते.

## टप्पा ९: बिल, वॉरंटी आणि वापरलेला कॅमेरा

बिलावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे का ते कार्डावर वाचा. बिलाविना मिळणारा स्वस्त कॅमेरा बहुधा बाहेरच्या देशाचा असतो, आणि टप्पा ३ मधली ६० हर्ट्झची अडचण त्याच्याबरोबर घरी येते.

घरगुती कॅमकॉर्डरचे प्रकार आता मोजकेच उरले असल्यामुळे वापरलेल्या कॅमेऱ्याकडे वळावे लागते, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त लेन्समध्ये मोबाईलचा टॉर्च तिरका मारून पाहा. खाडीकाठच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. ती असेल तर किंमत कितीही कमी असली तरी नको म्हणा. बॅटरी पूर्ण भरून हाय-स्पीडवर किती मिनिटे टिकते ते पाहा, आणि जुन्या मॉडेलला नवी बॅटरी मिळते का हे आधीच विचारून ठेवा.

## टप्पा १०: पहिला आठवडा

परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी कागदावरच्या जागी, कागदावरच्या वेळी, खरे चित्रीकरण करा. खेळाडू लहान असतील तर पालकांना आधी विचारा. कॅमेरा नेटच्या बाहेर, गोलंदाजाच्या हाताच्या बाजूला, काटकोनात लावा आणि सूर्य पाठीशी ठेवा. क्रीझवर चुन्याची खूण करून त्या खुणेवर हाताने फोकस लावा. पहिले षटक १/१००० शटरने, दुसरे १/२००० ने, तिसरे १/४००० ने घ्या आणि तिन्हींची नावे लिहून ठेवा.

घणसोलीच्या त्या पालकांनी नेमके हेच केले. पहिल्या षटकात मनगट स्पष्ट होते पण चेंडूची रेघ झाली होती. तिसऱ्यात चेंडू धारदार होता पण सकाळचे साडेसातचे ऊन कोवळे असल्याने चित्र काळपट होते. दुसऱ्यात पांढऱ्या शिवणीचा एकेक टाका वर येऊन खाली जाताना दिसला. त्यांनी १/२००० हा आकडा कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर चिकटपट्टी लावून लिहिला आणि आठनंतरच्या उन्हात चित्रीकरणाची वेळ ठरवली.